नम्रतेची सुरुवात कुठून करू?

बेटा, बाप्तिस्म्यानंतर लगेच हा प्रश्न तुला पडला, याचा खूप आनंद वाटला. आधी फक्त बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय वाच. आपण देवापासून आलो हे पुरतं ठाऊक असताना येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पुढे त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही! म्हणजे स्वतःला कमी लेखणं ही नम्रता नव्हे. "मला काहीच येत नाही" असं म्हणत राहणं ही नवख्यांची नेहमीची चूक; त्यातही लक्ष स्वतःवरच असतं.

दुसरी चूक मीही केली. उपवास धरला की चारचौघांत सांगायचो. लूकच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी) प्रार्थनेत तेच मोजून दाखवतो. लोक ज्याला पापी समजत तो जकातदार मात्र ऊर बडवून फक्त दया मागतो.

सध्या एवढं कर:
- उपासनेनंतर खुर्च्या उचलायला थांब.
- मे महिन्यात गेटवरच्या चौकीदाराला माठातलं थंड पाणी स्वतः नेऊन दे. नागपूरचं ऊन तुला माहीतच आहे.
- चुकलास तर त्याच दिवशी माफी माग, कारणं न देता.

आणि हो, कुणी अन्याय करत असेल तर गप्प बसू नकोस, चर्चच्या पाळकसाहेबांशी बोल.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा 2रा अध्यायही नम्रतेवर आहे, तो नंतर सोबत वाचू.