तीन ‘च’ची अँटेना

‘इतके महिने राबूनही रिझल्ट येत नाही, म्हणजे मीच कमी पडते ना?’ संशोधन करणारी मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखी येतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या दिवशी आलेल्या मुलीबरोबर तिचे वडीलही होते, तासगावकडचे द्राक्षबागायतदार. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) “पोरगी रात्री तीन-तीन वाजंपर्यंत जागती, जेवाय बोलवलं की चिडती,” एवढं सांगून ते गप्प बसले.

झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हे मी आधी स्पष्टच विचारून घेतलं. तसं टोकाचं काही नव्हतं. मग तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत टपाल तिकिटाएवढी हिरवी पाटी. तिच्यावर तांब्याच्या चौकोनी कड्या, एकात एक, प्रत्येकीला बारीकशी फट. कडेला सोनेरी कनेक्टर आणि सोल्डरचा जरा मोठाच गोळा. “ही सातवी अँटेना,” ती म्हणाली.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, शिकव. रडवेलं माणूस स्वतःच्या विषयावर बोलायला लागलं की त्याचा आवाज बदलतो, हा माझा अनुभव. तिचाही बदलला. २.४५ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर. साधा पॅच, म्हणजे तांब्याची सपाट अँटेना, या पाटीवर जवळजवळ तीन सेंटीमीटर लांब होतो. कड्यांच्या नक्षीमुळे दोनात बसतो. निसर्गात न सापडणारे गुण नक्षीतून आणायचे, ते मेटामटेरियल. गाइड सरांना आकार लहान हवा, बँडविड्थ (अँटेना चालते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) जास्त हवी आणि गेनही (एका दिशेला सिग्नल किती जोरात जातो ते) जास्त हवा. सिम्युलेशनमध्ये सगळं झकास. मोजायला गेलं की बँडविड्थ फुगलेली आणि गेन पडलेला.

“आणि मॅडम, केबलला नुसता हात लावला तरी ग्राफ हलतो. माझ्या हातातच खोट आहे.”

“दुसऱ्या कुणी केबल धरली तर?”

ती थबकली. “तरी हलतो. ग्राउंड प्लेन, म्हणजे पाटीमागचा तांब्याचा थर, एवढासा असला की करंट केबलच्या बाहेरून वाहतो. केबलच अँटेना होऊन बसते.”

पुढचंही तिनंच सांगितलं. अँटेना लहरीच्या मानानं लहान करत गेलं की तिची बँडविड्थ झपाट्यानं आवळत जाते. ही मर्यादा चू या शास्त्रज्ञांनी १९४८ साली मांडली. कड्यांची नक्षी कितीही हुशार असली तरी ती ओलांडता येत नाही. मग हिची बँडविड्थ फुगलेली का? कारण एफआर-४ची, म्हणजे सर्किट बोर्डांच्या नेहमीच्या फायबरग्लासची, पाटी स्वस्त, पण ऊर्जा पिणारी. हवेत जायची शक्ती पाटीतच उष्णता होऊन जिरते. पट्टा रुंद दिसतो आणि गेन घसरतो. हे सगळं तिच्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात होतं! लिहिताना ते शास्त्र होतं, रात्री तीनला तिची नालायकी.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाच्या हट्टी मागण्या शोधतात. मराठीत त्या शोधणं सोपं, शेपटाला ‘च’ असतो. मी कागदावर तिची वाक्यं लिहिली. आकार लहानच राहिला पाहिजे. बँडविड्थ वाढलीच पाहिजे. गेन वाढलाच पाहिजे. पेन तिच्या हातात दिलं. “यातला एक ‘च’ खोड.”

पाच मिनिटं ती कागदाकडे बघत राहिली. तेवढ्यात वडील म्हणाले, “येलीवर घड जास्त राखलं की मणी फुगत न्हाईत. इरळणी करायच लागती.” त्यांच्या वाक्यातही ‘च’ होता. तो मी राहू दिला.

तिनं बँडविड्थचा ‘च’ खोडला.

सर लगेच ऐकतील अशी माझी अपेक्षा नव्हती. “आणखी प्रयत्न कर,” हेच पहिलं उत्तर आलं. दुसऱ्या वेळी ती तक्ता घेऊन गेली: काय राखलं तर काय सोडावं लागेल, आणि का. कसं बोलायचं, याची आम्ही दोनदा तालीम केली होती. सर मी झाले होते, आणि बरीच खडूस झाले होते. कमी ऊर्जा पिणाऱ्या महागड्या शीटवर एकच नमुना करून बघायचा, एवढं ठरलं. रात्री बारानंतर लॅपटॉप उघडायचा नाही, हे आमच्या दोघींचं ठरलं. ते तिनं चारदा मोडलं.

दीड महिन्यानं फोन आला. “मॅडम, बँडविड्थ कमी झाली!” इतक्या आनंदानं ही बातमी कुणी देत असेल असं वाटत नाही.

“आणि गेन?”

“वाढला.”

“जेवलीस का?”

“हो, केव्हाच.”