परभणीत पत्र्याच्या खोलीत फोटो धुण्याची डार्करूम आहे. थंडीत डेव्हलपरच्या तळाशी खडे धरलेत. फेकून देऊ का? बाटल्या ठेवू कुठे?

लगेच फेकू नका, आधी रंग बघा. डी-76 (फिल्मवर चित्र उमटवणारा नेहमीचा डेव्हलपर) पाण्यासारखा किंवा फिकट असेल आणि नुसते तळाला खडे बसले असतील, तर ती थंडीची करामत. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, अधूनमधून हलवा, खडा न खडा विरघळू द्या. वरचं निवळ ओतून काम भागवू नका. तळाला बसलंय तेही औषधच आहे. गडद तपकिरी झाला असेल तर मात्र त्याला हवा लागलीय, टाकून द्या. हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) गढूळ होऊन पांढुरका-पिवळट गाळ धरला असेल तर ते गंधक, गरम करून परतत नाही.

खरी काळजी ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला लागणाऱ्या तीव्र ॲसिडची. ते 16.6 अंशांलाच खोबरेल तेलासारखं थिजतं, आणि आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली येतो. थिजलेल्या काचेच्या बाटलीवर उकळतं पाणी ओतलं तर ती तडकेल. साधारण 40 अंशांना त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून शेगडी, कॉइलचा हीटर जवळपासही नको. कोमट पाण्यात हळूहळू पातळ होऊ द्या. मग 8 भाग पाण्यात 3 भाग ॲसिड ओतून 28 टक्क्यांचं करून ठेवा, पुन्हा थिजायची कटकट नाही. ओतायचं ॲसिड पाण्यात, उलटं नाही. हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा.

बाटल्या पत्र्याखालून हलवा. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कुलपाचं कपाट उत्तम. खालच्याच कप्प्यात, प्लॅस्टिकच्या टबात. ॲसिडचा टब वेगळा. स्वयंपाकघर नको, फ्रिज तर नकोच. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरू नका, घरातलं कुणी तहानेपोटी तोंडाला लावेल. नाव, तारीख चिकटवा. डी-76 काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोनच. पातळी उतरली की आत हवा उरू नये म्हणून मी काचेच्या गोट्या टाकतो.

काम करताना द्रावण 20 अंशांवर आणा; 13 च्या खाली डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन हे रसायन जवळपास झोपतंच. हायपोचे खडे विरघळताना पाणी आणखी गार पडतं, तेव्हा सुरुवातच गरम पाण्याने करा.

मला स्वतःला थंडीपेक्षा एप्रिल-मेची धास्ती जास्त. त्या पत्र्याखाली तेव्हा डेव्हलपर फार दिवस तग धरणार नाही, म्हणून कपाट आत्ताच हलवा.