‘तीन अँप्युल बायकार्ब’ म्हणजे नक्की किती?

अगं बाय, नाइटला डॉक्टरांनी ‘१ लिटर डी-फाइव्हमध्ये (५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन) ३ अँप्युल सोडाबायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट, रक्तातली आम्लता कमी करणारं औषध)’ लिहिलं आणि १० मिलीच्या तीन अँप्युल, म्हणजे काचेच्या कुप्या, फोडण्याआधी तू विचारायला थांबलीस, हे फार बरं केलंस.

तो तीनचा हिशोब अमेरिकन पुस्तकांतला. तिथे एक म्हणजे ८.४ टक्क्यांचे ५० मिली, १ मिलीत १ एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं माप). तीन मिळून १५०. आपल्या ट्रेमध्ये बहुतेक वेळा ७.५ टक्के असतं, १० किंवा २५ मिलीचं, आणि १ मिलीत साधारण ०.८९. म्हणजे १० मिलीच्या तीन घातल्या तर जेमतेम २७! म्हणून अशी ऑर्डर आली की डॉक्टरांना फोन कर आणि ‘किती एमईक्यू?’ एवढंच विचार. चिडले तर चिडू देत. ऑर्डर एमईक्यूमध्ये लिहून घे.

१५० म्हणाले, तर ५०० मिलीच्या बाटलीला ७५ एमईक्यू, म्हणजे आपल्या ७.५ टक्क्यांचं सुमारे ८४ मिली. आधी बाटलीतून ८४ मिली काढून टाक, मगच तेवढं बायकार्ब घाल. २५ मिलीच्या तीन आणि चौथीतले ९. हा हिशोब दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घे. रात्री दोनला माझाही चुकलाय.

बाटली डी-फाइव्हचीच का? नॉर्मल सलाइनमध्ये आधीच लिटरला १५४ सोडियम, त्यात असंच काढून हे १५० घातलं की लिटरला पावणेतीनशेच्या वर जातं. आणि आरएल (रिंगर लॅक्टेट) तर अजिबात नको, त्यात कॅल्शियम आहे, ते बायकार्बशी मिळून साका धरतं.

फोंड्याला असताना पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन झालं आणि लाइन फ्लश न करताच त्याच लाइनला बायकार्ब सुरू केलं गेलं. नळीत नारळाचा रस ओतल्यासारखं पांढरं झालं. वेळीच दिसलं म्हणून क्लॅम्प करून सेट फेकला. तेव्हापासून मी दोन्हींच्या मध्ये सलाइनने भरपूर फ्लश करते. ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन, डोपामिन यांनाही वेगळी लाइन. बायकार्बसोबत त्यांची ताकद जाते.

घातल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटसुलट कर, गढूळ दिसली तर टाकून दे. लेबलवर किती एमईक्यू, वेळ, सही. ‘बायकार्ब घातले’ एवढंच लिहू नकोस. सुईची जागा वरचेवर बघ, बाहेर झिरपलं तर कातडी जळते.

आणि पोटॅशियम खाली येतं, आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियमही. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू आणि आम्लतेची तपासणी) नि इलेक्ट्रोलाइट (रक्तातले क्षार) पुन्हा कधी पाठवायचे, हे त्याच फोनवर विचारून घे.