अपंगांसाठीच्या उपकरणांच्या विद्यार्थी-प्रकल्पाला पुरस्कार द्यायचा तर निवड कशी करावी?

वडिलांची शेवटची वर्षं व्हीलचेअरवर गेली, म्हणून त्यांच्या नावाने गोव्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एक पुरस्कार द्यायचा, तोही अपंगांच्या किंवा रुग्णांच्या कामी येणाऱ्या उपकरणासाठी. निवड कोणी आणि कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवून निवृत्त झालो. अशा प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बऱ्याचदा बसलोय, तेव्हा थोडं स्पष्टच लिहितो.

परीक्षकांमध्ये तसलं उपकरण रोज वापरणारं माणूस हवंच. नुसते प्राध्यापक, एखादे उद्योजक आणि प्रमुख पाहुणे बसवलेत की निकाल आधीच लागलेला असतो: ज्याच्या टेबलावर वायरी जास्त आणि ज्याचं ॲप पहिल्या झटक्यात उघडलं, त्याला बक्षीस.

उदाहरण घ्या 'स्मार्ट काठी'चं. प्रदर्शनात एक तरी असतेच. पांढऱ्या काठीला आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो नावाचं छोटं कंट्रोलर सर्किट, बझर. सेन्सर बहुधा एचसी-एसआर०४, कागदावर २ सेंटिमीटर ते ४ मीटर अंतर मोजणारा. सभागृहात भिंतीसमोर धरली की छान बीप करते, टाळ्या पडतात. तीच काठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन बघा. गर्दीत बीप थांबतच नाही. अंध माणूस रस्ता कानाने ओळखत असतो, आणि आपण नेमका त्याच्या कानाशी कलकलाट लावून दिलेला. पावसाचं तर बोलायलाच नको, सेन्सरचे दोन्ही डोळे उघडेच असतात. शिवाय दगड, पायरी, गटार हे साध्या काठीलाही कळतं. कळत नाही ते गुडघ्याच्या वरचं: ट्रकचा उघडा फाळका, खिडकीची बाहेर आलेली झडप, लोंबणारी झावळी. दिल्लीच्या आयआयटीत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनच सुरू झालेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये लोकांच्या हाती आली. ती नेमकी या वरच्या अडथळ्यांसाठी आहे आणि अंतर सांगते ते मुठीतल्या थरथरीने. हे शहाणपण अंध लोकांच्या हातात काठी देऊन, त्यांचं ऐकून आलेलं आहे.

म्हणून प्रत्येक गटाला मी एकच प्रश्न आधी विचारतो: पहिला नमुना केल्यावर काय बदललंत, आणि कोणाच्या सांगण्यावरून? ज्यांना उत्तर नाही त्यांचं सादरीकरण कितीही चकचकीत असो, त्यांना सोडून पुढच्या टेबलाकडे जायचं.

या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर मला एका चमच्याने दिलं. अर्धांगवायूनंतर हाताची पकड गेलेल्या एका आजोबांसाठी तीन मुलींनी जाड मुठीचा, तोंड वाकवलेला चमचा केला होता. पहिली मूठ थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकची. ते प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि घरात भांडी उकळत्या पाण्यातून काढायची पद्धत, त्यामुळे मूठ वाकडी झाली. शिवाय प्रिंटच्या थरांच्या खाचांत पेजेचे कण अडकून वास यायला लागला. हे सगळं आजोबांच्या सुनेने सांगितलं, आणि वहीत तिच्याच शब्दांत लिहिलेलं होतं. शेवटी मुलींनी मूठ फेकून दिली आणि स्टीलच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवली. काढून धुता येते, खराब झाली तर कुठल्याही सायकलवाल्याकडे दुसरी मिळते. त्या वर्षी पहिलं बक्षीस चेहरा ओळखणाऱ्या कुठल्याशा यंत्राला गेलं. 'यात इंजिनिअरिंग काय आहे?' असं आमच्यातल्याच एका परीक्षकाने विचारलं होतं. माझ्या मते त्या दालनातलं सर्वांत सरस इंजिनिअरिंग तेच होतं.

प्रमाणपत्रावर नावं कोणाची, हेही आधी ठरवा. 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय १९६८च्या सुमाराचा. तो घडवला कारागीर रामचंद्र शर्मांनी, डॉ. प्रमोद करण सेठींच्या बरोबरीने. १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो डॉक्टरांना. डॉक्टरांचं श्रेय खरंच मोठं, पण रबराचा पाय घालून अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल, शेतातल्या चिखलात उतरता येईल, हे रबराला हात घातल्याशिवाय साधत नाही. तुमच्या प्रमाणपत्रावर वर्कशॉपमधल्या लेथवाल्याचं नाव येऊ दे. वापरून बघणाऱ्याचंही, अर्थात त्याची हरकत नसेल तर. आणि गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) रुग्णालयात रुग्णांवर चाचणी केल्याचं कोणी सांगितलं, तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती मागायला लाजू नका. पोरं उत्साहात हे विसरतात, गाइडही विसरतात.

पैशांचं म्हणाल तर सगळी रक्कम एकदम देऊ नका. परीक्षा संपली की मुलं पुण्या-बेंगळुरूला नोकरीला जातात आणि उपकरण विभागाच्या कपाटात पडतं. अर्धी रक्कम समारंभात द्या. उरलेली सहा महिन्यांनी, उपकरण अजून वापरात आहे का ते त्या घरी जाऊन बघितल्यावर. बंद पडलं असेल तर का पडलं, ते लिहून देणाऱ्यालाही थोडे द्यावेत असं मला वाटतं, पण ट्रस्टी मंडळी याला क्वचित राजी होतात.

समारंभ जिथे कराल त्या सभागृहाचा रॅम्प आधी स्वतः बघून या. १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी लागते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रॅम्प म्हणजे पायऱ्यांवर ओतलेलं सिमेंट. आणि रॅम्प दारापर्यंतच असतो, व्यासपीठाला चार पायऱ्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला चौघांनी उचलून वर चढवायचं आणि फोटो काढायचा, एवढं टाळा. २०२३च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून गोव्यात या गोष्टींची जाण असलेले, स्वतः अपंग असलेले कार्यकर्ते सहज भेटतात. परीक्षक शोधायलाही तिथूनच सुरुवात करा.

शेवटचं म्हणजे वेळ. बहुतेक ट्रस्ट एप्रिलमध्ये, प्रकल्प संपत आल्यावर जाहिरात देतात. तुम्ही जुलैत द्या, शेवटच्या वर्षाची मुलं विषय शोधत फिरत असतात तेव्हा. फार्मागुडी, वेर्णा, फातोर्डा, शिरोडा, सगळ्या कॉलेजांच्या विभागप्रमुखांना पत्र पाठवा, आणि सोबत ज्यांना खरोखर काही अडचण आहे अशा आठ-दहा जणांची, त्यांना विचारून केलेली यादी जोडा: कोणाला बटण लावता येत नाही, कोणाला फेरीबोटीच्या उतारावर खुर्ची आवरत नाही.