बटेराची अंडी ‘कोरी’ निघतात? नर बदलण्याआधी साठवण तपासा

दादा, एप्रिलअखेर गच्चीवरच्या खोलीत दहा-बारा दिवस अंडी जमवून उबवणीच्या मशीनमध्ये लावली, साठातून जेमतेम नऊ पिल्लं निघाली, बाकीची टॉर्चच्या उजेडात कोरी, म्हणजे आत रक्तवाहिन्या नसलेली दिसली आणि आता सगळे ‘नर बदला’ म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. दोन-तीन माद्यांमागे एक तरुण नर असेल तर नरांना इतक्यात हात लावू नका. कोरं अंडं म्हणजे अफलित अंडं, असं दर वेळी नसतं. गर्भ रक्तवाहिन्या तयार होण्याआधीच मेला, तर टॉर्चला ते अंडंही कोरंच दिसतं. आजची चार-पाच ताजी अंडी फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघा. कडेला गोल वलय असेल तर अंडं फलित. लहान, घट्ट, वेडावाकडा ठिपका असेल तर अफलित.

वलयं दिसली, तर दोष बहुधा साठवणीचा. साधारण २० अंशांच्या वर गर्भाची वाढ हळूहळू सुरू होते आणि ३७.५ च्या बरंच खाली ती नीट होत नाही. माळव्याच्या रात्री थंड असतात या भरवशावर लोक अंडी गच्चीवर ठेवतात, पण तीच खोली दुपारी ३५ च्या पुढे जाते. रोज दुपारी वाढ सुरू, रात्री मंद, आणि त्या ओढाताणीत गर्भ मरतो. कूलरनेही भागत नाही. मे महिन्यात तो खोली फार तर २५ पर्यंत आणेल, म्हणजे धोका तसाच. फ्रिजचं ४ अंश हे दुसरं टोक.

हवे १३ ते १६ अंश, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास, आणि जास्तीत जास्त सात दिवस. मासळीचा थर्माकोलचा डबा घ्या. गोठवलेली एक लिटरची बाटली टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बदला. टॉवेल न गुंडाळलेली बाटली अंड्यांना टेकू देऊ नका. थर्मामीटरचा सेन्सर पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून अंड्यांच्या मधोमध ठेवा, नाहीतर झाकण उघडलं की आकडा उड्या मारतो. जुना छोटा फ्रिज पडून असेल तर इंदूरच्या महाराणी रोडवरून डिजिटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार फ्रिज चालू-बंद करणारं यंत्र) आणून १६ ला चालू, १४ ला बंद असा लावा आणि आत पाण्याची वाटी ठेवा. माझ्या मते नव्या इन्क्युबेटरपेक्षा हा खर्च आधी करावा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडची बंद खोलीही बहुधा पुरते.

मादी बहुतेक दुपार उलटल्यावर अंडी घालते, म्हणून दिवेलागणीला गोळा करा. पेन्सिलीने तारीख घाला, टोकदार बाजू खाली. धुवू नका, कवचावरचा संरक्षक थर जातो.

तारखेवरून एक सांगतोच. एका सरकारी कुक्कुट कार्यालयातून उबवणीची अंडी मिळतात, पण ट्रेवर तारीख नसते. विचारलं तर ‘ताजीच आहेत’ एवढंच उत्तर, आणि फुटली नाहीत की दोष तुमच्या मशीनचा. तिथल्या छापील कागदावरही ‘थंड जागी ठेवा’ इतकंच आहे, किती अंश ते नाही. गरीब माणूस यात आख्खी बॅच घालवतो, याचा मनापासून राग येतो. तारीख न सांगणाऱ्याकडून अंडी घेऊ नका. बाहेरून आणलेली अंडी टोक खाली करून बारा ते चोवीस तास स्थिर ठेवा, मगच लावा.

मशीनमध्ये लावण्याआधी बाटली काढून डबा लगेच बंद करा आणि अंडी तशीच पाच-सहा तास खोलीत राहू द्या. पावसाळ्यात थंड अंडं उघड्या हवेत आलं की त्याला घाम सुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी.

मी पशुवैद्य नाही. पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मरत असतील तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, तिथे शेवटच्या तीन दिवसांची आर्द्रता बघावी लागेल. आणि साठवलेली अंडी थोडी उशिरा फुटतात, तेव्हा अठराव्या दिवशी मशीन बंद करू नका, एकोणिसावा पूर्ण होऊ द्या.