जिनिव्हाला पीएचडीला येतोयस? थंडी, झोप आणि अंगातलं घड्याळ

तुझा प्रश्न वाचला, खानापूरचा आहेस बघून जास्तच बरं वाटलं, मी नंदगडची, इकडं जिनिव्हात सहावं वर्ष चाललंय, लॅबमध्ये सेल कल्चरचं, म्हणजे प्लेटमध्ये पेशी वाढवायचं काम करते. तू लिहिलंयस की जागा मिळाली, विषय आहे अंगाचं तापमान आणि आरएनएला (जीनवरून निघणारी प्रत, जिच्यावरून प्रोटीन बनतं) चिकटणारी प्रोटीन्स, आणि घरचे म्हणूलालेत की तिकडच्या बर्फात पोरगं टिकणार नाही. वर तूच विचारलंयस की हे 'थंडीत वाढणारं प्रोटीन' आहे तर तिकडच्या हिवाळ्यात आपल्या अंगातलं घड्याळ, म्हणजे झोप-जागेचा चोवीस तासांचा ताल, बदलतं काय.

बाहेरच्या थंडीनं नाही बदलत. हे आधी डोक्यात पक्कं बसव, कारण नावामुळं सगळेच इथं फसतात. तुझ्या प्रश्नातलं ते प्रोटीन म्हणजे सीआयआरबीपी, 'कोल्ड-इंड्युसिबल आरएनए-बाइंडिंग प्रोटीन', ते १९९७ साली क्योटोच्या लोकांनी उंदराच्या पेशींत दाखवलं, ३७ अंशावर वाढणाऱ्या पेशी ३२ वर ठेवल्या की ते वाढायचं, म्हणून नावात 'थंड' आलं. पण रस्त्यावर शून्य अंश असलं तरी तुझ्या पोटातलं तापमान ३७ च्या आसपासच राहतंय. जे बदलतं ते आतल्या आत, दिवसभरात साधारण एक अंश, संध्याकाळी सगळ्यात वर आणि पहाटे सगळ्यात खाली. आपल्याकडं पहाटे चार-साडेचारला झोपेतच गोधडी ओढून घेतो बघ, बाहेर गारवा असतोच पण आतूनही अंग तेव्हाच सगळ्यात खाली उतरलेलं असतं. ह्या एका अंशावरच तुझी पीएचडी आहे!

आता मेकॅनिझम. इथल्याच युनिव्हर्सिटीत उएली शिबलर यांच्या ग्रुपनं २०१२ मध्ये दाखवलं की पेशींना शरीरासारखा तापमानाचा चढउतार दिला की सीआयआरबीपी पण त्या तालात खालीवर होतं, गार असताना जास्त, उबदार असताना कमी. हे प्रोटीन ज्या आरएनएंना जाऊन चिकटतं त्यात 'क्लॉक' ह्या घड्याळ चालवणाऱ्या जीनचा आरएनए पण आहे, आणि सीआयआरबीपी काढून टाकलं तर क्लॉक प्रोटीन कमी पडतं आणि घड्याळाच्या जीन्सची लाट, म्हणजे त्यांचं रोजचं कमी-जास्त होणं, सपाट व्हायला लागते. म्हणजे घड्याळ बंद नाही पडत, त्याचा जोर जातो. मग गारव्यात हे वाढतं कसं? आपल्याला वाटतं जीन जास्त चालू होत असेल, पण तसं नाही, २०१६ ला कळलं की जीनची कच्ची प्रत निघाल्यावर तिची जी कापाजोडी होते, स्प्लायसिंग, ती कमी तापमानात जास्त चांगली होते, म्हणून पक्क्या प्रती जास्त टिकतात. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं. आरबीएम३ म्हणून ह्याचंच एक भावंड आहे, ते पण वाचून ये.

आणि एक, मेंदूतलं मुख्य घड्याळ, वीसेक हजार पेशींचं, ते तापमानाच्या ह्या छोट्या चढउताराला दाद देत नाही, २०१० ला डॅलसच्या टाकाहाशी ग्रुपनं दाखवलंय. ते उजेडाचं ऐकतं. लिव्हर, फुप्फुसं वगैरे मात्र तापमानाचं ऐकतात. ताप आला म्हणून मुख्य घड्याळच ढळलं असतं तर सगळ्या अंगाचा गोंधळ झाला असता.

लॅबमध्ये हे मी नुकसान सोसून शिकलेय. पहिल्या वर्षी पेशींचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते द्रावण, फ्रिजमधून काढून गरम न करता बदललं, घाई होती, आणि प्लेट्स बराच वेळ गार टेबलावर राहिल्या. पुढच्या चार दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या लाटा सरकलेल्या, तीन आठवड्यांचं काम फेकावं लागलं. मीडियम ३७ लाच गरम कर, इन्क्युबेटरचं दार उघडलं की वेळ वहीत लिही, आणि इन्क्युबेटरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेव.

आता तुझ्या अंगाचं. फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. पश्चिमेला येतोयस म्हणून त्यातल्या त्यात सोपं आहे, संध्याकाळी सातलाच पेंग येईल आणि रात्री तीनला टक्क जाग येईल, पण सात-आठला झोपू नकोस, संध्याकाळी उजेडात फिर, चार-पाच दिवसांत बसतं. जेवण पहिल्या दिवसापासून इथल्या वेळेला. २००० सालीच इथं उंदरांवर दाखवलंय की जेवणाची वेळ बदलली की लिव्हरचं घड्याळ तिकडं सरकतं आणि मेंदूचं जागेवर राहतं, म्हणून रात्री दोनला उठून चिवडा खाणं बंद.

थंडीपेक्षा अंधार सांभाळ. डिसेंबरात सव्वाआठला उजाडतं आणि पाचच्या आत मावळतं, बेळगावात हे आपण कधी बघितलेलंच नसतंय. सकाळी ट्रामनं जाण्यापेक्षा चालत जा. रात्री हीटर मोठा ठेवू नकोस, झोप लागताना आतलं अंग थोडं गार व्हावं लागतं. पण पाय गरम पाहिजेत, इथल्याच स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ ला दाखवलं की पाय गरम असले की झोप लवकर लागते, कारण पायातून उष्णता बाहेर जाते आणि आत गार होतं. माझी आज्जी काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची तेव्हा कशाला ते कळत नव्हतं. आता मी लोकरीचे मोजे घालून झोपते.

कागदाचं म्हणशील तर जन्मदाखला कन्नडमधून असला तर त्याचं इंग्रजी भाषांतर आणि अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्का) तिथंच करून घे, इथं आल्यावर ते करायला फार त्रास होतोय. खोली शोधायला आत्तापासून लाग, दोन-तीन महिने सहज जातात. आणि आईला सांग, स्वेटर दोनच दे, बाकी जाड जॅकेट इथं घेऊ, बॅगेत त्या जागी लोकरीचे मोजे आणि कांदा-लसूण मसाला घाल.