१९७४ ची एमजीबी : पुन्हा पंप बदलण्याआधी पेट्रोलच्या टाकीला हवा मिळते का ते पाहा

तुमच्या वर्णनानुसार न्यू जर्सीतील तुमची १९७४ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पहिली वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालते, मग महामार्गावर आचके देत बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. पेट्रोलचा पंप आणि फिल्टर नवे घालूनही फरक पडलेला नाही आणि टाकीचे झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज येतो. टाकी गुदमरते आहे, म्हणजे पेट्रोल संपत जाताना तिच्यात हवा शिरत नाही, हा तुमचा संशय मला रास्त वाटतो, परंतु केवळ त्या आवाजावरून निदान पक्के करू नका. अमेरिकेसाठी तयार झालेल्या या गाड्यांची टाकी १९७० च्या सुमारापासून बंदिस्त पद्धतीची आहे, त्यामुळे निर्दोष गाडीतही झाकण उघडताना थोडा आवाज येऊ शकतो. पातळ कागदाची पट्टी झाकणाच्या कडेशी धरा आणि झाकण हळूहळू सैल करा. पट्टी जोराने आत ओढली गेली तर टाकीत पोकळी (बाहेरपेक्षा कमी दाब) तयार होत आहे. बाहेर ढकलली गेली तर वाफेचा दाब साठतो आहे, आणि तो वेगळा प्रकार झाला.

आणखी एक खूण बघा. गाडी बंद पडताना टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा) काटा, गाडी अजून धावत असतानाच, एकदम शून्यावर आदळतो का? तसे असेल तर दोष बहुधा ठिणगीच्या यंत्रणेत, म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे आणि पुढचे काही वाचण्याची गरज नाही. पेट्रोल अपुरे पडते तेव्हा इंजिन आधी अडखळते आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर खाली येतो.

वीस-पंचवीस मिनिटांचाच हिशेब का, हे समजून घेतले की शोध सोपा होतो. महामार्गावर तेवढ्या वेळात सुमारे ४ लिटर पेट्रोल खर्च होते. टाकीत वर २५ लिटर हवा असेल आणि बाहेरून काहीच आत आले नाही, तर त्या हवेचा दाब ढोबळमानाने सातव्या भागाने उतरतो. पेट्रोलच्या वाफेने ही घट थोडी भरून निघते, तरी दहाव्या भागाइतकी उरली तरी टाकीच्या पत्र्यावर बाहेरून दर चौरस फुटाला सुमारे ९५ किलोचा भार येतो. काही टाक्या आत चेपलेल्या सापडतात त्या यामुळेच. या गाडीतल्या एसयू बनावटीच्या पेट्रोल पंपात विद्युतचुंबक पडदा ओढून पेट्रोल खेचतो आणि स्प्रिंग ते पुढे ढकलते. पोकळी वाढली की चुंबकाला पडदा पूर्ण ओढता येत नाही, पंपाची टिकटिक मंदावते आणि पंप वीजप्रवाह चालू असलेल्या स्थितीतच अडकून तापत राहतो. म्हणून तुमच्या नव्या पंपाविषयी मला काळजी वाटते. मूळ दोष राहिला तर तोही फार दिवस टिकणार नाही. टिकटिक मंद होण्याऐवजी अखंड भरभर चालत असेल, तर मात्र पंपाच्या ओढणाऱ्या बाजूने कुठेतरी हवा शिरते आहे असे समजावे.

आता या गाडीत हवा कोणत्या वाटेने यायला हवी ते पाहू. झाकणाला छिद्र नाही. टाकीतून एक नळी डिकीतल्या छोट्या विभाजक टाकीत (वाफेतून द्रव पेट्रोल वेगळे करणाऱ्या) जाते, तिथून धातूची नळी गाडीखालून पुढे येऊन बॉनेटखालच्या कोळशाच्या कॅनिस्टरला (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्याला) मिळते आणि कॅनिस्टरच्या तळातून बाहेरची हवा आत येते. याच तळाला एक झडप जोडलेली असते. चावी बंद केल्यावर इंजिनाने धडधडत राहू नये म्हणून ती क्षणभर हवा अडवते. ती कायमची बंद अवस्थेत अडकली तर सगळी टाकी गुदमरते, आणि पंप, फिल्टर, कार्बुरेटर तपासणाऱ्या माणसाचे लक्ष तिच्याकडे जातच नाही.

शोध घेताना वाट अर्धी-अर्धी करावी. आधी कॅनिस्टरच्या तळाची नळी काढून नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारा. त्रास थांबला तर झडप दोषी. थांबला नाही तर टाकीकडून येणारी नळी कॅनिस्टरपासून सोडवून, तिचे तोंड एक्झॉस्टपासून दूर बांधून, आणखी एक छोटी फेरी मारा, आणि त्या वेळी टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असू द्या. आता त्रास थांबला तर कॅनिस्टर तुंबला आहे. त्याच्या तळातील गाळणी इतक्या वर्षांत कुजून घट्ट बसते. तरीही थांबला नाही तर दोष मागे, नळीत किंवा डिकीत आहे.

मागची वाट तपासताना गाडी उघड्यावर ठेवा, बॅटरी सोडवा, टाकीचे झाकण पूर्ण काढा आणि सायकलच्या पंपाने पुढून हळू हवा सोडा. दुसऱ्या माणसाला टाकीच्या तोंडाशी हवा आल्याचे ऐकू आले पाहिजे. कॉम्प्रेसर अजिबात वापरू नका आणि नळीला तोंड लावून ओढूही नका. माझ्या स्वतःच्या गाडीत ही नळी एका गॅरेजमध्ये जॅक चुकीच्या जागी लावल्याने चेपली होती आणि ते कळेपर्यंत माझे दोन उन्हाळे पंप व कार्बुरेटर उघडण्यात गेले. डिकीतले रबरी तुकडेही पाहा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या वाफेने जुने रबर आतून फुगते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आत बंद झालेली असते. गाडी बरेच महिने उभी असेल तर उघड्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले आहे का, तेही तपासा.

छिद्राचे झाकण बसवून मोकळे व्हा, असा सल्ला तुम्हाला काही जण देतील. त्याने गाडी धावेल, हे खरे. पण दोष तसाच राहील आणि उन्हात उभ्या गाडीतून पेट्रोलची वाफ थेट बाहेर पडेल. गॅरेज घराला जोडलेले असेल तर ही गोष्ट धोक्याची आहे. झाकण सैल ठेवून केलेली एखादी फेरी फक्त चाचणी म्हणून ठीक आहे.

टाकी काठोकाठ भरल्यावर डिकीत वास येतो, असेही तुम्ही लिहिले आहे. ४५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे पाऊण लिटरने वाढते, आणि ती वाढ विभाजक टाकीच्या नळ्यांत चढते. तिथले जुने रबर व टाकीतल्या मापकाभोवतीची सीलची कडी बदला आणि नोझल पहिल्यांदा आपोआप थांबले की भरणे थांबवा. पेट्रोल एकदा कॅनिस्टरमध्ये शिरले की कोळसा भिजतो आणि मग कॅनिस्टरच बदलावा लागतो.